संडासाची वर्गणी, मैल्याचा हिशेब

मे २०११ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या व्यवसाय-आराखड्यांची वार्षिक स्पर्धा झाली. पहिलं बक्षीस होतं एक लाख डॉलर. ते पटकावलं ‘सॅनर्जी’ नावाच्या चमूनं. त्यांचा आराखडा होता केनियाच्या राजधानीतल्या, म्हणजे नैरोबीतल्या झोपडपट्ट्यांमधल्या संडासांचा. चमूचे म्होरके डेव्हिड ऑअरबाख, लिंडसे स्ट्रॅडली आणि अनी वल्लभनेनी हे तिघेही तिथल्या व्यवस्थापन शाखेचे विद्यार्थी.

गरीब देशांतल्या स्वच्छतेच्या कामासाठी विद्यार्थ्यांनी पैसे उभे करणं तेव्हाही नवं नव्हतं. घरी केलेले केक विकून, शर्यतीत धावून, नाटकाचे प्रयोग लावून युरोप-अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत असा निधी वर्षानुवर्षं जमतो आहे. मागणी बहुधा एका वस्तूसाठी असते. इतके पैसे द्या, तिकडे एक संडास उभा राहील, त्याचा फोटो येईल. सॅनर्जीच्या आराखड्यातही संडास होताच. पण मदत मुख्यतः मागितली होती ती संडास भरल्यावर जे करावं लागतं त्यासाठी. फरक बारीक वाटतो. स्वच्छतेची कामं बहुतेक वेळा टिकतात किंवा बुडतात ती मात्र नेमकी तिथेच.

मुकुरूचं गणित

नैरोबीच्या औद्योगिक भागाला लागून, न्गाँग नदीच्या काठानं मुकुरूच्या वस्त्या पसरल्या आहेत. मुकुरू क्वा न्जेंगा, मुकुरू क्वा रूबेन, विवान्दानी अशी त्यांची नावं. पत्र्याच्या दहा बाय दहाच्या खोल्या, त्यांत भाड्यानं राहणारी कुटुंबं, खोल्यांचे मालक बहुधा दुसरीकडे राहणारे आणि खालच्या जमिनीच्या मालकीचा वाद वर्षानुवर्षं चाललेला. भुयारी गटाराला सलग उतार लागतो, भरपूर पाणी लागतं, नळ टाकायला रस्ता लागतो आणि तो कुणाच्या जमिनीतून जाणार हे कागदावर ठरलेलं असावं लागतं. इथं यातलं एकही धड नाही.

म्हणून खड्ड्याचे संडास. एकेका खड्ड्यावर कित्येक बिऱ्हाडं. खड्डा भरला की मैला उपसणारा टँकर बोलवावा, तर तो बोळात शिरत नाही. मग कुणीतरी रात्री बादली घेऊन खड्ड्यात उतरतो, आणि उपसलेला मैला जवळच्या ओढ्यात किंवा नदीत जातो. अंधार पडल्यावर बाईमाणसाला संडासापर्यंत जाणं धोक्याचं. नैरोबीच्या झोपडपट्ट्यांतल्या स्त्रिया याच भीतीपोटी रात्री घराबाहेर पडत नाहीत, असं अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या २०१० सालच्या अहवालात त्यांच्याच तोंडून नोंदवलं आहे. त्यावरचा नाइलाजाचा उपाय म्हणजे प्लास्टिकची पिशवी. ती वापरायची, गाठ मारायची आणि लांब भिरकवायची. नैरोबीत याला ‘उडते संडास’ म्हणतात.

आता थोडी आकडेमोड करू. एक माणूस दिवसाला सरासरी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास विष्ठा आणि सव्वा ते दीड लिटर लघवी टाकतो. एका संडासावर ३० माणसं धरली, तर वर्षाला जवळपास १,४०० किलो विष्ठा आणि १५,००० लिटर लघवी होते. देणगीदाराच्या पैशातून संडास एकदा बांधला जातो. ही आवक मात्र रोजची आहे, आणि ती रोज कुठेतरी न्यावीच लागते. भिंती, दार आणि भांडं हा या सगळ्या व्यवहारातला सोपा भाग झाला.

विष्ठेच्या वाटा

संडास कशासाठी, याचं वैद्यकीय उत्तर १९५८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या एका पुस्तकात वॅग्नर आणि लॅनोइक्स या अभियंत्यांनी आकृतीतून मांडलं होतं. आजाऱ्याच्या विष्ठेतले जंतू दुसऱ्याच्या तोंडापर्यंत पाच वाटांनी पोचतात: पाणी, बोटं, माश्या, शेतातली माती आणि अन्न. या वाटा अडवणं म्हणजे स्वच्छता. आकृती साधी आहे, पण तिच्यातली एक गोष्ट सहज नजरेआड होते. विष्ठा माणसाच्या नजरेपासून दूर गेली म्हणजे ती त्या वाटांपासून दूर गेली असं होत नाही. खड्डा उपसून ओढ्यात ओतला की पाचही वाटा पुन्हा उघड्या होतात.

याचा सगळ्यांत भीषण पुरावा हैतीत मिळाला. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथं पटकीची साथ सुरू झाली. मिरबाले गावाजवळ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा तळ होता, आणि नेपाळहून नुकत्याच आलेल्या तुकडीबरोबर पटकीचे जंतू तिथं आले होते. तळावर संडास होते, टाक्याही होत्या. पण नळजोडणी गबाळी होती आणि टाक्यांतला मैला उघड्या खड्ड्यात टाकला जाई. तिथून जंतू ओढ्यात गेले, ओढ्यातून आर्तिबोनित या मोठ्या नदीत, आणि नदीतून हजारो घरांच्या पाण्यात. पुढच्या काही वर्षांत आठ लाखांहून अधिक लोकांना पटकी झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं दगावली. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी डिसेंबर २०१६ मध्ये माफी मागितली. संडास होता, पण मैल्याची सोय नव्हती, एवढीच या साथीची सुरुवात.

दुसरा पुरावा आपल्याकडचा, ओडिशातला. पुरी जिल्ह्यातली १०० गावं संशोधकांनी अभ्यासाला घेतली. निम्म्या गावांत संडास बांधण्याची सरकारी मोहीम जोरात राबवली, निम्मी तुलनेसाठी ठेवली. मोहिमेच्या गावांत संडास असलेल्या घरांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेलं. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दिसलं की मुलांची हगवण कमी झाली नव्हती, पोटातले जंत घटले नव्हते आणि कुपोषणही हललं नव्हतं. बरेच संडास अर्धवट होते, असलेले सगळे जण वापरत नव्हते. म्हणजे मोहिमेच्या अहवालात यश दिसत होतं आणि मुलांच्या पोटात त्याचा मागमूस नव्हता.

निधी जमवणाऱ्याला या दोन गोष्टी ठाऊक असतील, तर किती संडास बांधले हा आकडा त्याला पुरत नाही. किती जणांचा मैला सुरक्षित ठिकाणी पोचला आणि तिथं निर्धोक झाला, हे मोजावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ आता याच मापानं हिशेब मांडतात. त्यानुसार २०२२ साली जगात ३५० कोटी लोकांना सुरक्षित स्वच्छता-सोय मिळत नव्हती. त्यातले उघड्यावर बसणारे सुमारे ४२ कोटी. बाकीच्या तीनशे कोटींहून अधिक लोकांकडे काही ना काही सोय आहे, पण ती कमअस्सल आहे, सामायिक आहे किंवा तिथल्या मैल्याचं पुढे काय होतं याचा भरवसा नाही.

डबा भरला की

सॅनर्जीच्या मंडळींनी खड्डाच काढून टाकला. ‘फ्रेश लाइफ’ नावाचा त्यांचा संडास सिमेंटच्या पातळ, तयार फळ्यांचा असतो. तो एका दिवसात उभा राहतो आणि अगदी थोड्या जागेत मावतो. आत पाण्याचा फ्लश नाही. भांड्याला दोन तोंडं असतात, पुढच्यातून लघवी एका डब्यात जाते आणि मागच्यातून विष्ठा दुसऱ्या डब्यात. वापरल्यावर वर मूठभर भुसा टाकायचा.

ही विभागणी नुसती सोयीची नाही, तिच्यामागे रसायन आहे. रोगजंतू मुख्यतः विष्ठेत असतात, तर झाडांना लागणारं नत्र बहुतांशी लघवीत. दोन्ही एकत्र आले की लघवीतल्या युरियाचं अमोनियात रूपांतर होतं आणि नाक धरायला लावणारा दर्प सुटतो. वेगळे ठेवले तर दर्प कमी होतो, माश्या कमी येतात आणि विष्ठा कोरडी राहिल्यानं वाहायला हलकी होते.

भरलेले डबे झाकण घट्ट लावून कामगार उचलतात आणि रिकामे, धुतलेले डबे जागेवर ठेवतात. कामगारांना गणवेश, हातमोजे आणि बूट असतात. टँकर जिथं शिरत नाही त्या बोळात हातगाडी शिरते, पुढे ट्रक. शहराबाहेरच्या कारखान्यात विष्ठा आणि भाजीबाजारातला ओला कचरा काळ्या सैनिकमाशीच्या अळ्यांपुढे टाकतात. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर घोंघावत नाही. तिच्या अळ्या मात्र कमालीच्या खादाड. जेमतेम दोन आठवड्यांत त्या ढिगाऱ्याचा फडशा पाडतात आणि प्रथिनांनी भरून जातात. मग उष्णता देऊन, वाळवून त्यांचं कोंबड्यांचं आणि डुकरांचं खाद्य होतं. उरलेल्या भागाचं सेंद्रिय खत होतं आणि ते केनियातल्या शेतकऱ्यांना विकलं जातं. पूर्व आफ्रिकेत पशुखाद्यासाठी व्हिक्टोरिया सरोवरातली ‘ओमेना’ ही छोटी मासळी मोठ्या प्रमाणात वापरतात. तीच गरिबाच्या ताटातलीही मासळी आहे. त्यामुळे अळ्यांचं खाद्य बाजारात आलं की तिच्यावरचा ताण थोडा हलका होतो.

मराठी वाचकाच्या मनात इथं एक प्रश्न उभा राहणारच. माणसाचा मैला माणसानं वाहून नेणं हे आपल्याकडे काही जातींच्या माथी मारलेलं काम. २०१३ च्या कायद्यानं हातानं मैला उचलण्याच्या कामावर कुणालाही नेमायला बंदी घातली, तरी ते पुरतं संपलेलं नाही. मग नैरोबीतली ही हातगाडी म्हणजे तेच नव्या वेष्टनात का? फरक आहेत आणि ते खरे आहेत. डबा बंद असतो, मैल्याला हात लागत नाही, काम पगारी आहे आणि जन्मानं कुणाच्या वाट्याला येत नाही. तरीही हे फरक आपोआप टिकत नाहीत. पैसा आटला की पहिली काटकसर हातमोज्यांत आणि पगारात होते. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि सोनखताचे प्रयोग केले ते भंगीमुक्तीच्या कामाचा भाग म्हणून. मैल्याचं खत करणं आणि मैला हाताळणाऱ्या माणसाची प्रतिष्ठा जपणं ही दोन कामं वेगळी काढता येत नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. बाहेरून मदत घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांनी डबे उचलणाऱ्याचा पगार आणि सुरक्षा आपल्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहायला हवी, ती याचसाठी.

बक्षिसापासून महापालिकेपर्यंत

बक्षिसाच्या एक लाख डॉलरवर शहर स्वच्छ होत नाही. त्या पैशाचा खरा उपयोग झाला तो कल्पना प्रत्यक्षात उतरवून पाहायला. २०११ च्या अखेरीस मुकुरूत पहिले संडास सुरू झाले. अमेरिकी सरकारच्या यूएसएड या संस्थेनं आधी एक लाख डॉलर दिले आणि काम पाहून पुढे पंधरा लाख. पाठोपाठ धर्मादाय संस्था आणि गुंतवणूकदार आले. दोन तऱ्हेचा पैसा एकाच थैलीत ठेवणं अवघड असतं, म्हणून मंडळींनी दोन संस्था केल्या. संडासांचं जाळं सांभाळणारी ना-नफा, आणि मैल्यापासून माल बनवून विकणारी नफ्यासाठी चालणारी.

वापरणाऱ्यांकडून पैसे घ्यायची पद्धतही बदलावी लागली. सुरुवातीला वस्तीतलाच एखादा रहिवासी संडास विकत घेई आणि दर वापराला काही शिलिंग घेऊन चालवी. धंदा म्हणून हे बरं चाललं, पण माणशी, दर खेपेला पैसे म्हटल्यावर पाच जणांच्या घरात कुणीतरी खेप टाळणारच. बहुधा लहान मुलं. शिवाय रात्री दुकान बंद. मग भर दुसरीकडे वळला. संडास थेट चाळीच्या आवारात बसवायचा, वर्गणी घरमालकानं भरायची आणि भाडेकरूंना तो रात्रंदिवस मोकळा. आज नैरोबीत असे काही हजार संडास लाखाहून अधिक लोक वापरतात, आणि हे काम केनियातल्या इतर शहरांतही गेलं आहे.

एवढं होऊनही वर्गणी आणि खतविक्री मिळून सगळा खर्च निघत नाही. जागतिक बँकेनं २०१९ साली नैरोबी, हैती, पेरू आणि घाना इथल्या अशा चार डबा-सेवांचा अभ्यास केला. ग्राहकाच्या पैशातून खर्चाचा लहानसा भागच भरून येतो आणि सरकारी आधाराशिवाय या सेवा वाढणार नाहीत, असं त्यातून दिसलं. यावर ‘मग हे टिकाऊ कसं?’ असं विचारलं जातं. पण हाच प्रश्न शहराच्या सुखवस्तू भागातल्या भुयारी गटाराला कुणी विचारत नाही. तिथली मैलावाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र बहुधा सार्वजनिक पैशातूनच उभं राहतं, आणि बिलात त्याचा पुरता खर्च सहसा वसूल होत नाही. झोपडीतल्या माणसानं तेवढा आपल्या मैल्याचा पूर्ण खर्च सोसावा, ही अपेक्षा कुठल्या न्यायाची?

म्हणून विद्यार्थ्यांनी मिळवायचा पाठिंबा दोन तऱ्हेचा असतो. सुरुवातीचा परक्या पैशाचा, आणि शेवटचा स्थानिक सरकारचा. पहिला मिळून दुसरा हुकला तर काय होतं, याची कल्पना २०२५ नं दिली. यूएसएडचं कामकाज त्या वर्षी गुंडाळलं गेलं आणि अनेक देशांतले पाणी-स्वच्छतेचे प्रकल्प अर्ध्यावर थांबले. परदेशी सरकार बदललं म्हणून मुकुरूतल्या डब्यांची आवक थांबत नाही.

वर्गातून निघालेले आणखी काही

डबा-सेवांच्या या छोट्या जगात विद्यार्थी वारंवार भेटतात. स्टॅनफर्डमध्ये परिस्थितिकीचा अभ्यास करणाऱ्या साशा क्रेमर हैतीत गेल्या आणि २००६ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘सॉइल’ ही संस्था काढली. उत्तर हैतीत ती घरोघरी संडास देते, वर टाकायला उसाची चिपाडं आणि शेंगांची टरफलं देते, आणि मैला ढिगांत कुजवून खत करते. ढिगाची उष्णता ५० अंशांवर काही दिवस टिकली पाहिजे, नाहीतर जंताची चिवट अंडी मरत नाहीत. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधल्या व्हर्जिनिया गार्डिनर यांच्या विद्यार्थी-प्रकल्पातून ‘लूवॅट’ निघालं. त्यांच्या संडासात विष्ठा एका विघटनशील पडद्यात आपोआप बंद होते. मादागास्करच्या राजधानीत त्याचा वापर झाला.

या विषयात विद्यार्थी पुढे येतात याचं एक कारण असं की इतर लोक त्याबद्दल बोलायलाच तयार नसतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये बीजिंगच्या व्यासपीठावर बिल गेट्स यांनी मानवी विष्ठेची बरणी ठेवून भाषण केलं. लोकांचं लक्ष वेधायला इतक्या मोठ्या देणगीदारालाही ती युक्ती लागली. शाळेची इमारत, दवाखाना, विहीर यांना देणगीदाराचं नाव कोरता येतं. मैला उपसायच्या गाडीवर नाव कोरून घ्यायला कुणी पुढे येत नाही.

वाईचा धडा

संडास बांधून दिल्यावर पुढची जबाबदारी कोण घेणार, याचं एक उत्तर सातारा जिल्ह्यातल्या वाईनं दिलं आहे. आपल्या लहान शहरांत भुयारी गटार नसतं, घरोघरी सेप्टिक टँक असतात. टाकी तुंबून अंगणात मैला येईपर्यंत कुणी गाडी बोलावत नाही. मग टाकीत गाळ साचत जातो आणि वरून निघणारं पाणी जवळपास तसंच गटारात जातं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीनं वाई आणि नाशिक जिल्ह्यातलं सिन्नर इथल्या नगरपरिषदांनी २०१८ च्या सुमारास वेगळा रस्ता धरला. घरमालकानं बोलावण्याची वाट न पाहता प्रत्येक टाकी साधारण तीन वर्षांनी ठरल्या वेळी उपसायची, मैला प्रक्रिया केंद्रात न्यायचा, आणि खर्च स्वच्छता करातून भागवायचा. मुकुरूचा डबा रोजच्या फेऱ्यांचा आणि वाईची टाकी तीन वर्षांची, पण तत्त्व एकच. मैला नेणं ही लोकांनी मागितल्यावर करायची मेहेरबानी नव्हे, ठरल्या वेळी मिळणारी सेवा आहे.

वर्गणी मागण्याआधी

‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’ या अमेरिकी संस्थेच्या विद्यार्थी शाखांना एखाद्या गावात काम घ्यायचं तर किमान पाच वर्षांची बांधिलकी द्यावी लागते. एका सुट्टीत जाऊन बांधकाम करून परत येणं त्यांच्या नियमात बसत नाही. कॅनडातल्या याच नावाच्या संस्थेनं तर २००८ पासून आपल्या फसलेल्या कामांचे वार्षिक अहवाल छापायला सुरुवात केली. अपयश देणगीदारापासून लपवलं की पुढची तुकडी तीच चूक करते, हा त्यामागचा विचार.

कुठल्याही कॉलेजातल्या मुलांनी, ती पुण्यातली असोत की बोस्टनची, दुसऱ्यांच्या संडासासाठी पावतीपुस्तक हातात घेण्याआधी तीन गोष्टी त्या वस्तीतल्या लोकांकडून लिहून आणाव्यात. डबा किंवा खड्डा भरला की तो कोण उपसणार आणि त्याला किती पैसे मिळणार. मैला कुठे जाणार आणि तिथं त्याचं काय होणार. आणि पाच वर्षांनी हा खर्च कुणाच्या अंदाजपत्रकात असणार. ही उत्तरं नसतील तर आधी ती शोधायलाच पैसे मागावेत. मागणी थोडी नीरस होईल, फोटो मिळणार नाही, काही देणगीदार नाक मुरडतील. पण नैरोबीत हजारो संडास चालू राहिले ते त्यांच्यामागे रोज डबे उचलणारी माणसं आणि त्यांच्या पगाराची तरतूद होती म्हणून. वर्गणी मागायची ती त्या पगारासाठी.